शमू कंडक्टर घोड्यावर चढला

शमुवेल वायदंडे हे नाव उंब्रजमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शमू कंडक्टर म्हटलं की मात्र स्टँडावरच्या चहावाल्यापासून वाडीवस्तीवरच्या म्हातारीपर्यंत सगळे ओळखायचे. मिरजेच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेला, एसटीत कराड आगाराला लागलेला आणि लग्नानंतर उंब्रजला खोली घेऊन राहिलेला हा माणूस. उंची अशी की दारातून जाताना मान वाकवावी लागायची, आणि आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेल्याचाही थांबा कधी चुकायचा नाही.

त्या आवाजानंच त्याला नाटकाकडे ओढलं. गल्लीतलं गणेश मंडळ दरवर्षी जिवंत देखावा करायचं. मूर्तीशेजारच्या मंचावर खरीखुरी माणसं उभी राहून एक छोटी गोष्ट करून दाखवायची. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, माणसांनी फक्त हावभाव करायचे आणि ओठ हलवायचे. संध्याकाळभर एकामागून एक खेळ. शमूनं त्यात दारुडा बाप केला, पुरात घर वाहून गेलेला शेतकरी केला, शहीद पोराची शवपेटी उतरवून घेणारा फौजी बाप केला. बायका पदरानं डोळे पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीत त्याच्याकडून तिकीट घेताना उगाच हसायच्या.

हे करताना त्यानं स्वतःपुरती एक रेघ ओढून घेतली होती. आरती सुरू झाली की तो मंचामागं जाऊन उभा राहायचा. प्रसाद पुढं आला की हात जोडून नको म्हणायचा. मंडळाच्या पोरांनी त्यावरून कधी शब्द काढला नाही. कुजबुज व्हायची ती कराडच्या चर्चमध्ये. तिथल्या चोपडे पाळकांनी एकदा त्याला उपासनेनंतर थांबवून घेतलं.

"शमुवेल, त्या मंचावर उभं राहणं तुमच्या विश्वासात बसतं का?"

"पाळकसाहेब, मी माणसांच्या गोष्टी करतो. दारुडा केला म्हणून मी काही दारुडा झालो नाही. नाटक ते नाटक."

चोपड्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते शमूला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

त्या वर्षीचा देखावा धनगराचा होता. आटपाडीकडचा धनगर मेंढरं घेऊन चारणीला येतो, वादळात त्याचा कळप पांगतो, तो आभाळाकडं तोंड करून देवाला बोल लावतो, आणि शेवटी लख्ख उजेडात पांढऱ्या घोड्यावर खंडोबा उभा राहतो. खंडोबाच्या देवळाचं पाल गाव तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं हा देव म्हणजे घरचाच. शमू धनगर झाला होता, आणि खंडोबा झाला होता तालमीतला उंचापुरा शंभूराज. खरी दोन कोकरं मंचावर सोडली होती. ती भलत्याच वेळी ओरडायची आणि लोक खूश व्हायचे.

गणपती निम्मे सरले आणि शंभूराजला डेंगी झाला.

दुपारी मंडळाचा अध्यक्ष यशराज शमूच्या खोलीवर आला. त्याच्याबरोबर हंबीरराव होते. फौजेतून सुभेदार म्हणून आलेले, मंडळ ज्यांनी उभं केलं ते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबा स्वतः येऊन खाटेवर बसले तेव्हाच शमूनं ओळखलं, की काम साधं नाही.

"शमूदादा, आज देखाव्याच्या स्पर्धेचं परीक्षक येणार," यशराज म्हणाला. "घोड्यावर तुमी बसा. धनगर मी करतो. एवढी उंची गावात दुसऱ्या कुणाची न्हाई."

"यशा, त्ये मला जमायचं न्हाई. तुला म्हाईत हाय."

"पूजा करा म्हणलं का आमी? आरती करा म्हणलं? तुमीच म्हणता न्हवं, दारुडा केला म्हणून मानूस दारुडा हुत न्हाई. मग देव केला म्हणून काय हुतंय?"

हेच वाक्य त्यानं पाळकांपुढं ठेवलं होतं, बायकोपुढं ठेवलं होतं, स्वतःच्या मनापुढं तर कितीदा. आता ते दुसऱ्याच्या तोंडून फिरून आलं आणि त्याच्याच दारात आडवं उभं राहिलं.

आतल्या खोलीत सृष्टी, शमूची पोरगी, अभ्यास करत होती. तिच्याकडं बघून आबा नुसते म्हणाले, "बरी हाय न्हवं आता पोरगी?"

मागच्या साली सृष्टीच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी पडलं, तेव्हा ह्याच मंडळाची पोरं दवाखान्याच्या पायऱ्यांवर रांग लावून बसली होती. आबांनी ते बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर शमूला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

"फकस्त आज," शमू म्हणाला.

ते गेल्यावर एस्तेर आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्यापुढं चहा ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुमी नाटक कराल वो," ती म्हणाली. "पर फुडं बसलेली मान्सं नाटक बघत नसतील तर?"

"एका दिवसाचं हाय, एस्तेर."

"बरं," ती म्हणाली आणि चहाचा कप तसाच राहिला.

घोडा फायबरचा होता, चाकांच्या लोखंडी गाड्यावर बसवलेला. त्यावर माणूस बसला की कमरेचा पट्टा मागच्या लोखंडी दांड्याला नटबोल्टनं आवळायचे, गाडा हलला तरी तोल जाऊ नये म्हणून. पाय रिकिबीत, तेही आतून बांधलेले. शमूनं अंगरखा चढवला, पगडी घातली, मिशा चिकटवल्या, हातात खंडा घेतला. एका पोरानं मागून पान्यानं बोल्ट आवळला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आता कुणी येऊन सोडवल्याशिवाय आपल्याला खाली उतरता येणार नाही.

पडद्यापलीकडं यशराज धनगर होऊन आक्रोश करत होता. कोकरं ओरडली. मग ढोल घुमला, पडदा सरकला, दिवे डोळ्यांत घुसले आणि चार पोरांनी गाडा पुढं ढकलला. स्पीकरमधून शंभूराजचा आवाज आला, "भिऊ नगंस लेकरा, म्या हाय!" शमूनं ओठ हलवले.

समोर सगळी गल्ली एका आवाजात ओरडली, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

भंडारा उधळला गेला. हळदीचा ढग वर आला आणि शमूच्या नाकातोंडात गेला. डोळे चुरचुरले, पण एका हातात खंडा आणि दुसऱ्यात लगाम; पुसणार कशानं? खेळ इथं संपायचा आणि पडदा पडायचा. पण पडदा पडला नाही. कठड्याखालून वाकून एक म्हातारी पुढं आली, मंचावर चढली आणि तिनं त्याच्या रिकिबीतल्या पायावर डोकं टेकलं. तिच्यामागून दुसरी आली. मग एक बाप कडेवरचं पोर घेऊन आला. स्वयंसेवकांनी त्यांना अडवायचं सोडून रांग लावून दिली. माईकवरचा पोरगा म्हणाला, "गर्दी करू नका, सगळ्यांना दर्शन मिळंल."

शमूनं पाय मागं घ्यायला बघितला. पाय बांधलेला होता. "थांबा" म्हणाला, तर स्पीकरमधल्या ढोलाखाली त्याचा तो प्रसिद्ध आवाज त्याच्याच कानाला ऐकू आला नाही. मनात आलं, पगडी काढून फेकावी, मिशा ओरबाडाव्यात, लोकांना दाखवावं की हा बघा, मी आहे. पण ख्रिस्ती माणसानं भर गल्लीत खंडोबाची पगडी फेकली तर पुढं काय होईल, हेही त्याला लख्ख दिसत होतं. ते त्याच्यापाशी थांबलं नसतं. खोलीवर एस्तेर होती, सृष्टी होती. काढली तर ह्या माणसांचा अपमान, ठेवली तर ज्याच्यापुढं तो दर रविवारी गुडघे टेकायचा त्याचा. तो तसाच बसून राहिला आणि माणसं त्याच्या पायाशी वाकत राहिली.

पहिली म्हातारी गेली नव्हती. ती हरणाबाई होती. रोज त्याच्याच गाडीनं कराडला दवाखान्यात जायची. तिचा नातू विश्वजीत मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध होता. शमू घोड्यावरून जमेल तितका वाकला. पट्टा बरगडीत रुतला.

"आज्जी, आवं मी शमू कंडक्टर! पाया नगा पडू."

"व्हय रं लेकरा, वळखलं की मी," हरणाबाई म्हणाली. "तू कोन हाईस त्ये मला ठावं हाय. पर आज त्यो तुझ्यात हाय. मला येवढं सांग, माझा इसवा डोळं उघडंल का?"

ती वर बघत होती. कपाळावर भंडारा, डोळ्यांत पाणी. शमूला तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं आणि गप्पही राहवत नव्हतं.

"मी माझ्या देवाकडं मागतो, आज्जी. आजच मागतो."

"माग बाबा," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

पडदा पडल्यावर पोरांनी बोल्ट सोडला. शमू खाली उतरला. पगडी त्यानं दोन्ही हातांनी काढली आणि नीट, हलक्या हातानं मेजावर ठेवली.

"पुढच्या खेळाला मी बसणार न्हाई."

"आवं, परीक्षक आत्ता येत्यात!" यशराज ओरडला. "लोक रांगंत हायती!"

"म्हणूनच. धनगर मी करतो. घोड्यावर न्हाई."

"आमी तुमच्यासाठी काय कमी केलं? आमच्या देवाचा तुमाला येवढा इटाळ?"

"इटाळ न्हाई रं यशा. मान्सं माझ्या पायावर डोस्कं ठेवाय लागल्यात. मी कोन हाय? ती देवाकडं म्हणून येत्यात आणि गावतो त्यांना मी. ही त्यांची फसवणूक हाय, आणि माझीबी."

कुणी तरी मागून म्हणालं, की ह्यो पैल्यापासनंच तसला. आवाज चढायला लागले. हंबीरराव पुढं आले.

"बसणार न्हाईस?"

"न्हाई आबा. काय करायचं त्ये करा."

"घोडा मोकळाच पुढं आना," आबा पोरांना म्हणाले. "ज्येला बसायचं त्यो बसंल."

त्या संध्याकाळी उरलेले सगळे खेळ मोकळ्या घोड्यावर झाले. शमू गुडघ्यावर बसून वर बघायचा, उजेड व्हायचा आणि रिकामा घोडा पुढं यायचा. लोक तितक्याच जोरानं येळकोट करत होते. बक्षीस काही मिळालं नाही. यशराजनं त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून धनगराच्या कामालाही दुसरा माणूस उभा राहिला.

घरी येऊन शमू अंघोळीला बसला. हळद काही केल्या निघेना. कानामागं, नखांत, गळ्याच्या घडीत. मग खाटेशी गुडघे टेकून त्यानं विश्वजीतचं नाव घेऊन प्रार्थना केली. एस्तेर येऊन शेजारी बसली. काय झालं ते तिला गल्लीतून आधीच कळलं होतं.

कुणी तरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मात्र राहिला. पिवळ्या ढगात घोड्यावर बसलेला शमू आणि त्याच्या पायाशी वाकलेली माणसं. तो खाली कसा उतरला ते त्यात नव्हतं. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आला तेव्हा खाली कुणीच काही लिहिलं नाही. रविवारी पाळकांनी आणि चर्चच्या पंचांनी त्याला आत बोलावलं.

"घोड्यावर चढलो ही माझी चूक," शमू म्हणाला. "सगळ्या मंडळीपुढं उभा राहून मी ती कबूल करतो."

"आणि नाटक?" चोपड्यांनी विचारलं. "यापुढं कधीच मंचावर जाणार नाही, असं वचन द्याल?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तसंही मंडळ आता त्याला बोलावणार नव्हतं. पण त्याला तो दारुडा बाप आठवला, तो फौजी बाप आठवला. त्या माणसांच्या कातडीत शिरून तो कधी देवापासून लांब गेला होता, असं त्याला मनापासून वाटेना.

"ते वचन मला देता येत नाही, पाळकसाहेब."

पंच एकमेकांकडं बघू लागले. ठरलं ते असं, की त्याचं मन नीट होईपर्यंत शमूनं उपासनेला यावं, पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर, घेऊ नये. हे सांगावं लागलं चोपड्यांना. त्यांनीच सृष्टीचा बाप्तिस्मा केला होता.

आणि मग विश्वजीतनं डोळे उघडले.

आधी डोळे, मग बोटं, मग आज्जीचं नाव. हरणाबाईनं दवाखान्यातून गावापर्यंत भेटेल त्याला सांगितलं, की कंडक्टरच्या तोंडून देव बोलला. झालं! शमू गाडीत चढला की बायका उठून त्याच्या पायाला हात लावायला लागल्या. तिकिटाच्या पैशांबरोबर कुणी भंडाऱ्याची पुडी हातात ठेवायचं. "मी त्यो न्हवं," तो म्हणायचा. "मी शमू. आवं, मागं सरका." लोक हसायचे, आणि त्याचं नाही म्हणणं त्यांना मोठ्या माणसाचा साधेपणा वाटायचा. घोड्यावरून तरी त्याला पान्यानं सोडवलं होतं. इथं सोडवणार कोण? त्यानं आटपाडी आगाराला बदली मागायचं मनात आणलं. मुरमाड मुलूख, ओळखीचं कुणी नाही.

"आणि तितं कुनी पाया पडलं मग?" एस्तेर म्हणाली. "म्हातारीला जाऊन नीट सांगा की आधी."

म्हणून एका दुपारी तो हरणाबाईच्या घरी गेला. विश्वजीत अंगणात काठी टेकून चालायचं शिकत होता. शमू जोत्यावर बसला आणि काही न लपवता बोलला. घोड्यावर बसलो ते चुकलं. माझ्यात कुणी आलं नव्हतं. मी ख्रिस्ती माणूस. तुमच्या नातवासाठी मी येशूकडं मागितलं, रोज मागितलं.

हरणाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय का?" ती म्हणाली. "मग त्येचंबी फेडाय पायजे. कुटं असतंय त्येचं देऊळ?"

शमूनं कराडचं चर्च सांगितलं. ती खरोखर येईल असं त्याच्या मनातही आलं नाही.

ती आली. दिवाळीनंतरचा रविवार, प्रभुभोजनाचा दिवस. माणसं आत जायच्या गडबडीत होती. विश्वजीतच्या खांद्याचा आधार घेऊन की त्याला आधार देऊन, ते कळत नव्हतं, हरणाबाई फाटकातून आत आली. शमूनं पाहिलं आणि तो लगबगीनं फाटकाकडं निघाला. तो पुढं होईपर्यंत तिनं चप्पल काढली, चर्चच्या दगडी पायरीला हात लावून नमस्कार केला आणि पिशवीतला नारळ पायरीवर फोडला.

पाणी उडालं. सगळे जिथल्या तिथं थांबले. एक पंच "अहो बाई" म्हणून पुढं सरसावले, पण चोपड्यांनी हात आडवा केला. म्हातारीनं नखानं खोबऱ्याचा तुकडा काढला आणि शमूपुढं धरला.

"घे. तुझ्याच देवाचा हाय."

आयुष्यभर ज्या हातांना त्यानं नको म्हटलं होतं तसाच हा हात. आणि नाव मात्र येशूचं. मागं अख्खी मंडळी बघत होती. पाळक बघत होते. शमूला वाटलं, आपण पुन्हा त्या घोड्यावर बसलो आहोत आणि मागून कुणी बोल्ट आवळतंय. हरणाबाईनं हात आणखी पुढं केला.

त्यानं तुकडा घेतला आणि खाल्ला.

चोपड्यांनी फुटक्या करवंट्या उचलून कठड्यावर ठेवल्या, हरणाबाईला "आत या, बसा" म्हणाले आणि उपासनेला गेले. ती शमूच्या शेजारी मागच्या बाकावर बसली, विश्वजीत तिच्या पलीकडं. गाणी झाली, वचन झालं. मग भाकरीची ताटली बाकांवरून फिरू लागली. एस्तेरनं, सृष्टीचा हात हातात धरून, डोळे मिटून आपला घास घेतला. ताटली मागच्या बाकाशी आली, वाटणारा क्षणभर घुटमळला आणि पुढं निघून गेला. शमू खाली मान घालून बसला. दाढेत अडकलेला खोबऱ्याचा कण त्याच्या जिभेला लागत होता.

"तुला का न्हाई दिलं रं?" हरणाबाईनं हळूच विचारलं.

"माझी पाळी आली न्हाई अजून, आज्जी."

"मलाबी न्हाई दिलं," ती म्हणाली आणि पदर सावरून त्याच्या अंगाशी सरकून बसली. "ऱ्हाऊ दे. आपुन दोघं बसू हितं."